समोर नको, शेजारी बस

अण्णा, मागचं दार अजून भिंतीला टेकून उभं आहे.

तुम्ही ते उतरवलंत, उधईनं खाल्लेली खालची फळी काढून नवी बसवलीत, कडांना रंधा मारलात, गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल फडक्यानं दोन्ही अंगांना चोळलंत आणि हात पुसत म्हणालात, "सुजे, बिजागऱ्या उद्या मारू. आज पिऊ दे त्याला." दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवे झालात, ते उठला नाहीत. दार मात्र ऑइल पिऊन तयार होतं.

त्या रिकाम्या चौकटीत आईनं जुनी चादर बांधली आहे. भेटायला आलेली माणसं पुढच्या दारानं आली, शेजारच्या कोंबड्या मागच्या. विहारातली मंडळी पुढच्या खोलीत बसून तुमच्याबद्दल गंभीरपणे बोलत होती, तेव्हा एक तांबडी कोंबडी चादरीखालून शिरून थेट तुमच्या फोटोपर्यंत गेली आणि मान वाकडी करून मेणबत्तीकडं बघत राहिली. मला हसू आलं. तुम्हालाही आलं असतं, म्हणून मी ते दाबलं नाही.

आई चादरीवर वैतागली आहे. "आख्ख्या झरी गावात सुताराचा दुष्काळ पडलाय का? बोलव एखाद्याला. रविवारी पुण्यानुमोदनाला मानसं येतील, बायका मागून ये-जा करतील, ही चादर बरी दिसती का?"

"मी बसवते."

"तू?"

तिच्या त्या एका अक्षरात शंका होती, पण थोडी आशाही होती. म्हणून मी रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली. त्याच रविवारी वाटायला तुमच्यावर चार पानी पत्रक काढायचं ठरलंय. लिहिणार अर्थातच मी. गावात कशावरही पत्रक काढायचं असलं की लोक माझ्याकडं येतात. रेशनच्या दुकानावर लिहिलं, स्मशानभूमीच्या रस्त्यावर लिहिलं, आता तुमच्यावर. आणि अण्णा, मी लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की पटाशी तुम्ही कशी धरायचात हे मला डोळे मिटून सांगता येईल, पण आयुष्यात तुमचं मन कशानं दुखलं होतं ते मला ठाऊक नाही. ते तुम्ही कधी सांगितलंच नाही. मी किती वेळा विचारलं.

विचारायची माझी रीत तुम्हाला आवडायची नाही, तेही खरं.

पण पत्रकांचं वेड तुम्हीच लावलंत. जयंतीच्या मिरवणुकीतून इतर पोरांचे बाप फुगे आणायचे, तुम्ही शबनममध्ये पुस्तिका भरून आणायचात. पातळ, पिवळ्या कागदाच्या, पिना गंजलेल्या. शाळेतल्या पुस्तकात मी 'कमळ बघ' वाचत होते आणि घरी 'बंधूंनो आणि भगिनींनो, किती दिवस सोसणार?' वाचत होते. मला दुसरं जास्त आवडायचं. एकदा तुमच्या वर्गात पाहुणे आले, तुम्ही मला कविता म्हणायला उभं केलंत आणि मी त्या पुस्तिकेतलं आख्खं आवाहन म्हणून दाखवलं, हात वर करून. तुम्ही फळ्याकडं तोंड करून खडू शोधत राहिलात. घरी आल्यावर रागवाल असं वाटलं होतं. तुम्ही आईला एवढंच म्हणालात, "हिचा आवाज चांगला हाय."

पुढं मी स्वतः लिहायला लागले, तेव्हा तुम्ही लाल पेन घेऊन बसायला लागलात. विचारांना तुम्ही हात लावला नाहीत कधी. "हे वाक्य लय लांब झालंय, मानसाचा दम जातो," असं म्हणून मध्ये रेघ मारायचात. मी चिडायचे. रेघ मारलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी वाचलं की बरं वाटायचं, ते मी सांगायचे नाही.

आणि ती कूलरची गोष्ट. उन्हाळ्याच्या तोंडाला आपण दोघांनी कूलर खाली घेतला होता. जुनं गवत काढलं, जाळ्या घासल्या, पंपाला तेल दिलं. परत स्टँडवर चढवला तर एक पाय डुगडुगायला लागला. तुम्ही घरात गेलात, काहीतरी घडी करून आणलंत, पायाखाली सारलंत. कूलर शांत. संध्याकाळी मी खाली वाकून बघते तर माझी पहिली पुस्तिका. 'माणूस म्हणून जगण्याचा जाहीरनामा'.

"अण्णा! कूलरच्या पायाखाली?"

"चांगला कागद हाय. दबत न्हाई."

"त्यात मी काय लिहिलंय माहितीये?"

"पाठ हाय मला. म्हणून तर खाली घातली. ज्यांनी वाचली न्हाई त्यांच्याकडच्या राहू दे."

पंधरा दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. पण थंड हवेत झोपले मात्र रोज.

तुमच्या कामाच्या सवयींपैकी एक मला कधी कळली नाही, आणि आज मी तिच्याबद्दलच विचारायला बसले आहे. कुठलंही काम काढलं की तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "समोर नको, शेजारी बस." सायकलचं पंक्चर असो, टाकीचा बॉल कॉक असो, बोर्डातली वायर असो. मी जरा समोर सरकले की काम थांबायचं. उजेड अडवते म्हणून म्हणता असं मला लहानपणी वाटायचं. मग मी उजेड न अडवता समोर बसून पाहिलं. तरी तेच. तुमच्या खांद्याला माझा खांदा लागेल इतकं जवळ बसवायचात आणि मगच पेचकस उचलायचात.

इतर कामांत ते चालून जायचं. पण दाराच्या बाबतीत तो शुद्ध हट्ट होता. पुढचं दार बसवलं तेव्हाचं भांडण आठवतं? दाराला दोन अंगं असतात. एकानं आतून स्क्रू मारावेत, दुसऱ्यानं बाहेरून फळी धरावी. कुणीही शहाणा माणूस हेच करेल. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

"इकडं ये."

"अहो, इकडून धरते ना. वजन तोलतंय नीट."

"सुजे, इकडं ये म्हणलं ना."

"कारण सांगा, मग येते."

"कारण काय त्यात? माझा हात दिसत न्हाई तुला तिथून."

"दिसतो की, समोरून अजून चांगला दिसतो!"

तुम्ही पेचकस खाली ठेवलात आणि चहा प्यायला आत गेलात. दार माझ्या अंगावर सोडून. शेवटी मी आत आले. आपण दोघं एकाच अंगाला, एकमेकांच्या कोपरात कोपर अडकवत, घामाघूम होत दार तोलत राहिलो. दार खालून घासू नये म्हणून तुमची युक्ती होती: फळीखाली एक पुस्तिका सारायची, बिजागऱ्या पक्क्या झाल्या की ओढून काढायची. तेवढी फट बरोबर बसते. त्या दिवशीही तसंच केलंत. दार सुरेख बसलं. मी म्हणाले, "बाहेरून धरलं असतं तर अर्ध्या वेळात झालं असतं." तुम्ही म्हणालात, "असंल." आणि विषय संपला.

तुमचा विषय नेहमी असाच संपायचा. तुमच्या पिढीच्या शाळेतल्या, गावातल्या आठवणी गोळा करून पुस्तिका काढायची असं मी ठरवलं तेव्हाही. चौघांनी सांगितलं, एकानं रडत सांगितलं. तुम्हाला विचारलं तर तुम्ही पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसला होतात.

"माझ्याकडं काय हाय सांगण्यासारखं? मी आपला मास्तर."

मी पेटले. म्हणाले, तुम्ही लोक बोलला नाहीत म्हणूनच आज कुणीही उठतो आणि म्हणतो की आमच्या गावात असलं काही नव्हतंच. तुमच्या गप्प बसण्यावर त्यांचा चांगुलपणा उभा आहे. छापलं गेलं नाही ते घडलंच नाही असं धरतात लोक. तुम्हाला कुणी काही केलं असेल तर ते तुमचं एकट्याचं नाही, ते सगळ्यांचं आहे, ते द्या इकडं.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "सांगितलं की मानूस तेवढ्या गोष्टीएवढाच उरतो गं लोकांना." आणि हात पुढं केलात. "तो बारका पेचकस दे."

मी दिला. त्या वाक्यावर माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. तयार करत होते. तुम्ही थांबला नाहीत.

परवा सकाळी मी दाराला हात घातला. आधी बिजागऱ्या फळीला लावून घ्याव्यात म्हणून दार ओसरीत आडवं टाकलं, तुमची पिशवी उघडली. तेवढ्यात कोंडबाकाका आले. तुमचे लहानपणचे सोबती, चारठाण्याच्या रस्त्यावरच्या तुमच्या गावचे. गुडघ्यांमुळं आधी येता आलं नव्हतं, आता नातवानं मोटारसायकलवरून आणून सोडलं. आईजवळ बसून थोडं रडले. मग चहाची कपबशी घेऊन मागं आले, पालथ्या बादलीवर बसले आणि माझं काम बघायला लागले. बघता बघता हसले.

"डावरी हायेस का गं पोरी तू?"

"नाही काका."

"मग?"

मी हाताकडं पाहिलं. पेचकस डाव्या हातात होता. अण्णा, खरं सांगते, मला ते आजवर माहीत नव्हतं. मी लिहिते उजव्या हातानं, जेवते उजव्या हातानं, सभेत मूठ वर जाते ती उजवीच. पण पेचकस, करवत, हातोडा डाव्या हातात. कुणी म्हणालं नाही आणि मी पाहिलं नाही.

"अण्णांचं बघून शिकले ना. ते डावरे होते."

"कोन? तुझा बाप?" काकांचा चहा बशीतून सांडला. "ह्या! गोफण उजव्या हातानं फिरवायचा. विटी उजव्यानं हाणायचा. पाटीवर लिहायचा ते बी उजव्यानंच की."

खरंच. लाल पेन तुमच्या उजव्या हातात असायचं. इतकी वर्षं समोर होतं.

"मग हत्यार डाव्या हातात कसं काय?"

"अगं, ते सुताराचं." काकांनी बशी खाली ठेवली. "आमच्या गावात चिंचेखाली सुताराचं छप्पर होतं. तुझ्या बापाला त्याचं लय येड. पन आपल्या पोरांनी छपरात जायचं नसतंय. कुनी रेघ मारलेली न्हवती, पन ठावं होतं सगळ्याला. मग ह्यो गाडीवाट ओलांडून समोरच्या बांधावर बसायचा. आख्खा उन्हाळा. हातात एक काडी घ्यायची आन सुतार करंल तसं करायचं. सुताराचा लाकूड तासायचा वाकस ज्या अंगाला उठायचा, त्याच अंगाला ह्याची काडी. मी म्हनायचो, लेका, तू काय सुताराचा आरसा हायेस का?"

मी पेचकस डाव्या हातातून उजव्यात घेतला, परत डाव्यात घेतला. सुताराचा उजवा हात समोरून बघणाऱ्याच्या डावीकडं येतो. पोरगं त्याच बाजूचा, म्हणजे आपला डावा, हात उचलतं.

काकांना आता रंग चढला होता. "आन पहिलं दार बसविलं तवाची गंमत सांगतो. आमच्या घराला. कुठून तरी जुन्या बिजागऱ्या आनल्या. तुझा बाप म्हनला, मला येतंय, मी बगितलंय. हातोड्यानं अर्धा ठोकून बसविला आन लागला इस्क्रू फिरवायला. फिरवतोय, फिरवतोय, आन इस्क्रू बाहीरच यायलाय! मी म्हनलं, आरं, निघायलाय की रं त्यो. तर म्हनतो, गप, सुतार असाच फिरवतो. माझी माय आली, तिनं बगितलं आन पदर तोंडाला लावून हसायला लागली. आमी दोघं घाम गाळून चौकटीतून इस्क्रू काढायलोत!"

हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी तुमची पिशवी जवळ ओढली. मग त्यातला छोटा रंधा उचलला, ज्याची मूठ तुम्ही बाभळीची करून घेतली होती.

"ह्यो त्याचाच. सुतार वाईट न्हवता तसा. मूठ मोडली म्हनून टाकायला काढला होता. तुझा बाप रोज बसतो हे बगून एक दिस गाडीवाटेवरून फेकला त्याच्याकडं. फेकूनच दिला. पन दिला."

तो रंधा मी तुमच्या हातात जन्मापासून बघते आहे. मागच्या दाराच्या कडांवरून शेवटचा फिरलाय तोच. त्याच्या मुठीबद्दल विचारलं होतं तर म्हणाला होतात, "मोडली होती." एवढंच. खोटं नाही बोललात तुम्ही. नुसते थांबलात.

काका गेल्यावर मी आईला समोर बसवलं. म्हटलं, माझ्यासारखं कर. मी उजव्या हातानं चमचा उचलून कपात ढवळला. तिनं डाव्या हातानं उचलला.

"काय खेळ लावलास उन्हातान्हाचं?"

"थांब. आता शेजारी बस. पुन्हा कर."

तिनं उजव्या हातानं केलं. आणि मला म्हणाली, जरा झोप, डोळे तांबडे झालेत तुझे.

कपात ढवळणं म्हणजे काही सुतारकाम नाही, कबूल. एका चमच्यावरून सिद्धांत मांडायचा नसतो. पण मग मला आठवलं, तुम्ही गेलात त्या दिवशी तुमचा एक जुना विद्यार्थी, आता एसटीत ड्रायव्हर आहे, माझ्याजवळ येऊन म्हणाला होता, "गुरुजी फळ्यापाशी कमी, आमच्या बस्करावरच जास्त. अक्षर गिरवायचं तर शेजारी मांडी घालून बसायचे. त्यांच्या पँटचा खडू आमच्या चड्डीला लागायचा." तेव्हा मी ते नुसतं ऐकलं होतं. आता वाटतं, प्रत्येक पोराशेजारी जाऊन बसणारा मास्तर पाय दुखवून घेत होता तो कशासाठी? तुम्ही ते ठरवून करत होतात का? की हात आपोआप तसं करत होता आणि तुम्हालाही कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं? "माझा हात दिसत न्हाई तुला तिथून," म्हणाला होतात. मी ते बहाणा म्हणून ऐकलं.

आणि दुसरं एक. उलटं शिकलेलं तुम्ही सुलटं करून का नाही घेतलंत? मोठे झालात, मास्तर झालात, तुमच्या शेजारी बसायला सुतारही तयार होते. स्क्रूची चूक तुम्ही दुरुस्त केलीत, कारण स्क्रू ऐकत नाही, तो दोन्ही हातांनी उजवीकडंच फिरतो. पण हात मात्र तोच ठेवलात. सवय? की ती तुमची आठवण ठेवायची जागा होती? मला खरंच कुतूहल आहे, अण्णा. मी इथं कुठलंही उत्तर ठोकून बसवणार नाही.

राग आला, हेही लिहिते. सुताराचा तर आलाच, त्या न मारलेल्या रेघेचा आला, फेकून दिलेल्या रंध्याला उपकार म्हणण्याचा आला. पण जास्त तुमचा आला. मी मागत होते ती गोष्ट तुमच्याकडं होती. नुसती होती असं नाही, रोज माझ्यासमोर, माझ्या शेजारी, वापरात होती. मी गावोगाव हिंडून लोकांच्या आठवणी टिपत होते आणि घरी माझाच डावा हात त्याच गाडीवाटेवरून शिकून आलेला. हे मला बाहेरच्या माणसाकडून, चहा सांडताना कळावं?

मग तुमचं ते वाक्य पुन्हा आठवलं. सांगितलं की माणूस तेवढ्या गोष्टीएवढाच उरतो. आता माझं उत्तर तयार आहे. ऐका. एकच गोष्ट सांगितली तर उरतो तेवढाच. सगळं सांगितलं तर नाही उरत. बांधावर बसलेला पोरगा सांगायचा, तसंच उलटा स्क्रू फिरवत "गप, असाच असतो" म्हणणाराही सांगायचा. लाल पेन, कूलरखालचा जाहीरनामा, दार अंगावर सोडून चहा प्यायला जाणारा बापही सांगायचा. मग बघू कोण तुम्हाला एका गोष्टीएवढं करतं. मी हे लिहिणार आहे, अण्णा. तुम्हाला विचारून लिहिलं नाही, हे त्यात लिहीन. कोंडबाकाकांना फोनवर विचारलं, ते म्हणाले, "लिही की. पन इस्क्रूचं आधी लिही."

काल सकाळी उन्हं चढायच्या आत मी आणि आईनं दार उभं केलं. बिजागऱ्या फळीला लागलेल्या होत्या, आता चौकटीला लावायच्या. मी खाली पुस्तिका सारली. वर बघते तर आई बाहेर, न्हाणीच्या अंगाला जाऊन उभी, दोन्ही हातांनी दार धरून.

"इकडं ये, आई. माझ्या शेजारी."

"आन इकडून कोन धरंल?"

माझाच जुना मुद्दा. मला हसू यायला लागलं. "कुणी नाही. दोघी इकडूनच धरू."

"तुझ्या बापाचं खूळ तुझ्यात बी उतरलं का?"

पण आली. पदर खोचून, माझ्या उजव्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मी वरच्या बिजागरीचे स्क्रू मारले, मधले मारले. दार तोलताना आमच्या बांगड्या एकमेकींत अडकल्या. खालच्या बिजागरीशी दोघी खाली बसलो, तेव्हा ती म्हणाली, अगदी सहज, जशी भाजीत मीठ कमी आहे म्हणते तशी:

"मला कधी म्हनले न्हाईत, शेजारी बस म्हनून."

मी पेचकस थांबवला.

"तू कधी मागितलंस?"

"तुमी दोघं दारापाशी बसायचे तवा चूल कोन बगायचं? मी लांबून बगायची. समोरून." आणि तिनं भर घातली, "तिथून बी दिसतंय म्हना. पर हात लावायला मिळत न्हाई."

अण्णा, आता बोला.

दार उतरवायला, कूलर चढवायला, बोर्ड उघडायला तुम्ही मला हाक मारत होतात. मुलगी म्हणून मागं ठेवलं नाहीत, याचा मला अभिमान होता, आहे. मी तो सभेत सांगते. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक माणूस इतकी वर्षं उभं होतं आणि तिथंही कुणी रेघ मारलेली नव्हती. तुम्हाला दिसली नाही. मलाही दिसली नाही, पण मी तेव्हा तुमच्या शेजारी, दाराकडं तोंड करून बसले होते. तुम्ही तर तशाच रेघेपलीकडं, बांधावर बसून मोठे झाला होतात. तुम्हाला दिसायला हवी होती. या भांडणात तुम्ही नाही आहात म्हणून मी माघार घेणार नाही. हेही पत्रकात जाईल. चार पानं पुरणार नाहीत असं आधी सांगून ठेवते.

मी पेचकस आईच्या हातात दिला. शेवटचे दोन स्क्रू राहिले होते.

"मला कुठं येतंय."

"मी आहे ना शेजारी."

तिनं पेचकस उजव्या हातात धरला, जीभ दातांत दाबली आणि सगळा जोर लावून फिरवला. उलटा. अर्धा बसलेला स्क्रू टपकन खाली पडला. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. तिनंही कोंडबाकाकांची गोष्ट ऐकली होती. मग जे हसायला लागलो ते शेजारची कोंबडीवाली कुंपणावरून डोकावली, या घरात काय चाललंय बघायला. दुःखाच्या घरात असं हसू नये हे आम्हाला कळत होतं, आणि थांबवता येत नव्हतं.

दुसऱ्यांदा तिनं बरोबर फिरवला. दोन्ही स्क्रू तिनंच आवळले. मी दाराखालची पुस्तिका ओढून काढली. दार एकदा हललं आणि आपल्या जागी स्थिर झालं, कुठं घासलं नाही. आईनं ते लावून पाहिलं, उघडून पाहिलं, परत लावलं आणि आतून कडी घातली. चादर घडी करून खुंटीवर टाकली.

मी तुमची पिशवी आवरायला घेतली. रंधा ठेवला, पटाशी फडक्यात गुंडाळून ठेवली. पेचकसासाठी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे माझ्याजवळ," आई म्हणाली. "पुढच्या दाराचा बी एक इस्क्रू ढिला झालाय वाटतं."

आणि ती पुढच्या खोलीकडं निघाली. चौकटीत थांबून मागं वळली.

"येतीस का शेजारी बसायला?"